पेणचं 'बेन' आणि रमजानचा 'ज'

(वडखळ येथे झालेल्या युवक-युवतींच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून तुम्ही स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या, निकाहनामा असं बरंच काही ऐकलंय. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आलीये, पण बाहेर नाक्यावर ट्रेलरांचे हॉर्न चालू आहेत, त्यामुळे झोपण्याची सोय नाही. मी इथलीच. माझं माहेर इथून सायकलच्या अंतरावर, नानीचं घर रोह्याला. मस्कतमध्ये बारा वर्षं मी इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली साडेतीन वर्षं रात्री बसून भाषाविज्ञानाची पदवी केली. दूरशिक्षणाने. त्याबद्दल बोला, असं मला सांगितलं गेलंय.

शिबिराचा निरोप फिरला तेव्हा एका मुलीचा मला मेसेज आला. तीन शब्दांचा. "मॅडम, पगार वाढला?" उत्तर आधीच देऊन टाकते. नाही वाढला. ओमानमध्ये एका रियालचे हजार बैसे होतात, त्यातला एक बैसासुद्धा वाढला नाही. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी मागे जाऊन चहा प्यायला माझी हरकत नाही. बाकीच्यांना मी सांगते की ती पदवी तरीही का केली आणि करताना कुठे चुकले. चुकीचा भाग जरा लक्ष देऊन ऐका. ती चूक महागात पडली.

२००८ साली मी मस्कतला गेले. नवऱ्याची नोकरी तिकडे, मी त्याच्या पाठोपाठ. आपल्याकडे ज्याचं कुणीच आखातात नाही असं घर शोधावं लागतं, तेव्हा यात सांगण्यासारखं काही नाही. हातात इंग्रजीची बी.ए. आणि बी.एड. होती. पहिली दोन वर्षं लहान मुलांना शिकवलं, मग मोठ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका खाजगी संस्थेत लागले. तिथे येणारे सगळे ओमानी. कुणी कॉलेजात प्रवेश मिळवायला यायचं, कारण तिकडे पदवीच्या आधी एक पायाभूत अभ्यासक्रम पार करावा लागतो आणि त्यात इंग्रजीचा वाटा मोठा असतो. कुणाला बँकेत बढती हवी असायची.

अरबीत 'प' नाही. 'ब' आहे. त्यामुळे वर्गात पहिल्याच आठवड्यात एक तरुण उभा राहून म्हणाला, "टीचर, देअर इज नो बार्किंग." गाडी लावायला जागा नाही, असं त्याला म्हणायचं होतं. मी हसले. मी हसले म्हणून वर्ग हसला. तो गोरामोरा होऊन खाली बसला, आणि नंतर महिनाभर त्याने वर्गात तोंड उघडलं नाही.

त्याच महिन्यातली गोष्ट. स्टाफरूममध्ये एक इंग्रज सहकारी होते, साठीचे, स्वभावाने सज्जन. त्यांनी विचारलं, भारतात कुठल्या? मी म्हटलं, पेण. ते म्हणाले, "बेन?" मी म्हटलं, नाही, पेण. "हो हो, बेन." तीन वेळा सांगितलं. शेवटी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "ओह, पेन!" आणि त्यांच्या तोंडातून 'प'बरोबर असा फुस्सकन वारा आला की समोरचा कागद हलला.

मी इंग्रजीची शिक्षिका. ज्याच्या 'बार्किंग'ला मी हसले त्याची आणि माझी चूक एकच निघाली, आणि ती मला कळलीसुद्धा नव्हती. हे असं का होतं, हे सांगणारं बी.एड.मध्ये काही नव्हतं. मला ते हवं होतं. पदवी का केली, याचं खरं उत्तर एवढंच आहे. पगार, बढती ही कारणं मी नंतर घरच्यांना पटवायला शोधली.

घरच्यांना पटवणं हा वेगळाच विषय. अब्बा फोनवर म्हणाले, "भाषा समजली. विज्ञान समजलं. हे भाषाविज्ञान काय असतं? आणि ते शिकून कोण नोकरी देतं?" दीर म्हणाले, भाभी, एमबीए करा. नवरा काही बोलला नाही. फीचा आकडा ऐकून उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

समोर पर्याय काय होते ते सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण आज ना उद्या याच जागी असणार आहेत. पहिला होता सेल्टा, केंब्रिजचं प्रमाणपत्र. कमीत कमी १२० तासांचं शिक्षण, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं आणि परीक्षक मागे बसून बघणार. पूर्णवेळ केलं तर साधारण महिनाभरात होतं. नोकरीच्या बाजारात, खरं सांगते, हेच जास्त चालतं. पण माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि महिनाभर रजा देणारं कुणी नव्हतं. दुसरा पर्याय हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचा. ही १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून सुरू झाली आणि २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी तिथे दूरशिक्षणाने पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि पदविका आहे, ध्वनिविचारही त्यात शिकवतात, फी परवडणारी. पण संपर्क वर्गांना हैदराबादला जावं लागतं. रजेचा हिशोब मांडला तर ईदला घरी येणं बंद. तिसरा पर्याय एम.एड. त्याचा मला कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही. चौथा ब्रिटनचा. बर्मिंगहॅम, लेस्टर अशा विद्यापीठांनी उपयोजित भाषाविज्ञानाच्या एम.ए. दूरशिक्षणाने चालवल्या, त्या मुख्यतः परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच. ब्रिटनला जावं लागत नाही, परीक्षेऐवजी लांबलचक निबंध आणि शेवटी प्रबंध. अशाच एका विद्यापीठात मी नाव घातलं. फी हप्त्याने. सगळे हप्ते मिळून इकडे एक लहान गाडी आली असती.

निवड करताना मी दोनच प्रश्न विचारले. वेळ किती? पैसे किती? तिसरा प्रश्न विचारायचा राहिला. त्याच्याकडे नंतर येते.

अभ्यास कसा केला, हे फार सांगण्यासारखं नाही. इशाच्या नमाजनंतर मुलगी झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं. साडेबारापर्यंत. सकाळी पाचला उठायचं. पहिला निबंध मी पाच वेळा लिहिला आणि तरी जेमतेम पास झाले, कारण आपल्याला 'अमुक विद्वान म्हणतात' असं लिहायची सवय आणि त्यांना हवं होतं की तुमच्या वर्गात काय ऐकू येतं ते लिहा. दूरशिक्षणात एक गोष्ट फार जाणवते. शेजारी कुणी नसतं. अडलं तर आठवडा जातो. पण माझ्याकडे एक होतं जे ब्रिटनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याकडे नव्हतं. सकाळी आठ वाजता तीस जिवंत माणसं माझ्यासमोर बसून बोलायची. रात्री वाचलेलं सकाळी तपासता यायचं.

आता पेण आणि बेन. लिस्कर आणि एब्रमसन नावाच्या दोन अमेरिकी संशोधकांचा १९६४ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. ओठ उघडणं आणि गळ्यातला कंप सुरू होणं, या दोन्हींमधलं अंतर त्यांनी मोजलं, सेकंदाच्या हजाराव्या भागात. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीला 'प' म्हणतो तेव्हा हे अंतर पन्नास-साठ हजारांश असतं, त्या वेळात नुसता वारा बाहेर पडतो. आपल्या 'प'मध्ये ते जवळजवळ शून्य. आणि इंग्रजांच्या कानाला शून्याच्या आसपासचा आवाज 'ब' वाटतो. म्हणून माझं पेण त्यांच्याकडे बेन होतं. आपल्याकडे प, फ, ब, भ अशी चार घरं आहेत, त्यांच्याकडे दोन, अरबांकडे एकच. त्या निबंधात अकरा भाषा तपासल्या होत्या, आणि त्यातली एक मराठी होती. मस्कतमध्ये रात्री बारा वाजता त्या तक्त्यात 'मराठी' हे नाव दिसलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, बरं, आणि परत झोपला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रत्येकाला वहीच्या कागदाची एक पट्टी दिली. ओठांसमोर धरा आणि 'पार्क' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. 'बार्किंग'वाल्या मुलाची पट्टी तिसऱ्या प्रयत्नात हलली. आणि मी त्याला सांगितलं की माझीही हलत नाही, बघ. तो पहिल्यांदा हसला. मग आम्ही दोघांनी मिळून सराव केला. मी आपल्या जुन्या माणसांचा 'फ' आठवायची, ओठ मिटून सोडलेला, आणि त्याच्या जवळ जायची.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगते, म्हणजे भाषाविज्ञान हे काही साहेबांचं शास्त्र आहे असं वाटणार नाही. तुमच्यातले किती जण लहानपणी मक्तबला गेलेत? बरेच हात वर आहेत. तजवीद शिकलात? 'सीन' आणि 'स्वाद' वेगळे, 'काफ' घशातून, 'ज्वाद'साठी जिभेची कड दाढांना लावायची, आणि नाही लावली की मौलाना सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावायचे. त्याला मखरज म्हणतात, आवाज निघण्याची जागा. मी पदवीच्या पहिल्या वर्षात ध्वनिविचाराचं पुस्तक उघडलं आणि त्यात तोंडाचं उभं चित्र, जिभेच्या जागा. म्हटलं, हे तर मी सात वर्षांची असताना शिकलेय. फक्त कुणी सांगितलं नव्हतं की याला शास्त्र म्हणतात.

हे शास्त्र कुणी लिहिलं ते बघा. खलील इब्न अहमद अल-फराहीदी हा आठव्या शतकातला पंडित मूळचा ओमानचा. त्याच्या अरबी शब्दकोशात अक्षरांचा क्रम अलिफ-बे असा नाही, घशापासून ओठांपर्यंत आहे. आपली बाराखडीची 'क'पासून 'प'पर्यंतची वाटही तीच, घशातून ओठांकडे. आणि अरबी व्याकरणाचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिणारा सीबवैह हा त्याचा शिष्य. तो इराणी होता. अरबी ही त्याची मातृभाषा नव्हती. माझ्या संस्थेच्या जाहिरातीत 'फक्त मूळ इंग्रजी भाषक' अशी ओळ असायची, आणि मी वर्गात विचारायची, सीबवैहला तुमच्या संस्थेत नोकरी मिळाली असती का? ओमानी मुलांना हा प्रश्न फार आवडायचा.

आता रमजानकडे येते. हा विषय तुमच्या मोबाइलवर दरवर्षी येतो. कुणीतरी लिहितं की रमजान चूक, रमदान म्हणा, अरबीत तसं आहे. मग दुसरा म्हणतो, आमचे आजोबा रमजान म्हणत होते, ते काय मुसलमान नव्हते? आणि भांडण सुरू. मीही एकदा नानीला दुरुस्त केलं होतं, मस्कतहून पहिल्या सुट्टीत आले तेव्हा. ती काही बोलली नाही. तसबीह फिरवत राहिली.

हे अक्षर आहे 'ज्वाद'. अरबी भाषेला अरब लोक 'ज्वादची भाषा' म्हणतात, इतकं ते त्यांचं खास. अरबीतून शब्द फारसीत गेले तेव्हा इराण्यांच्या तोंडी या अक्षराचा झ झाला, आणि फारसीतून ते आपल्याकडे आले तेव्हा त्याचा ज झाला. रमजान एकटा नाही. अर्ज, हजर, फर्ज, काजी, सगळीकडे मूळ 'ज्वाद'च. आता घरच्या पत्रावरचा पत्ता आठवा. मु. पो. वडखळ, ता. पेण, जि. रायगड. मुक्काम अरबी. पोस्ट इंग्रजी. तालुका अरबी. जिल्हा अरबी, आणि त्यातला 'जि' म्हणजे परत तोच 'ज्वाद'. सातबाऱ्याच्या बोलीत 'मौजे वडखळ' म्हटलं तर मौजेतही तोच. ज्याला 'रमदान'चा आग्रह आहे त्याने तहसील कचेरीत जाऊन 'दिला रायगड' असं लिहून द्यावं.

हा नुसता विनोद नाही. अर्ज, हजर, जिल्हा हे शब्द या पट्ट्यातला आगरी माणूस बोलतो, कोळी बोलतो, मामलेदार बोलतो. रमजानचा 'ज' त्याच वाटेने आलाय. तो चुकून झालेला नाही, शेकडो वर्षांच्या वापरात, एका नियमाने झालाय. आणि खुद्द माझ्या ओमानी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण साधा 'द' म्हणतच नव्हते. दातांमध्ये जीभ धरून एक जड आवाज काढायचे, जो आपल्या ज, द, झ कशातच बसत नाही. म्हणजे 'रमदान' म्हणून आपण ज्यांची नक्कल करतो ते तसं म्हणतच नाहीत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातले फारसी-अरबी शब्द बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश झाला. तरीही जिल्हा आणि तालुका आजही जागेवर आहेत. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, तो कुठे मिळाला तर चाळून बघा. स्वतःच्या रोजच्या बोलण्यातलं किती काही त्यात सापडतं.

नानीची माफी मी पुढच्या सुट्टीत मागितली. ती म्हणाली, "कशाची?" विसरली होती, किंवा तसं दाखवलं.

यातला सगळ्यात अवघड भाग आता. आमच्या घरात 'मला' नाही म्हणत, 'मना' म्हणतात. 'तुला'ला 'तुना'. शेजारच्या आगरी घरातही मना-तुनाच. त्यांच्याकडे डोळ्याला डोला, गाडीला गारी. अकरावीत पहिल्या दिवशी शिक्षकांनी काही विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मना नाय मालूम." वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्या दिवसापासून मी बाहेर बोलताना मोजून पुस्तकी मराठी बोलू लागले, आणि घरी कुणी आलं की अम्मीने तोंड उघडू नये असं वाटायचं. नंतर उर्दूत बोलणाऱ्या नातेवाइकांसमोर तर अजूनच. ते म्हणायचे, ही कसली भाषा? ना धड मराठी, ना उर्दू.

मी 'बार्किंग'ला हसले तेव्हा मी त्या अकरावीतल्या शिक्षकांच्या जागी उभी होते, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि पिट कॉर्डर यांचा १९६७ सालचा एक निबंध लागला. त्यांचं म्हणणं, शिकणाऱ्याची चूक ही निष्काळजीपणा नसते, त्याच्या डोक्यात तयार होणाऱ्या नियमाची ती खूण असते. दुरुस्त करण्याआधी नियम काय आहे ते बघा. हे वाचलं आणि मी मना-तुनाकडे पहिल्यांदा नियम म्हणून बघितलं. गारी, घोरा: दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'र'. हे कुणी चुकून करत नाही, सगळे करतात, प्रत्येक वेळी करतात.

मग शोधायला लागले. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो पूर्ण मराठीवर आहे. त्यात कोकणपट्टीतल्या बोलींचे नमुने आहेत, आगरी, कोळी, आणि बाणकोटी या नावाखाली इथल्या मुसलमानांची बोलीसुद्धा. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची एक पुस्तकमाला केली, त्यातलं एक पुस्तक आपल्याच महाडच्या कुणबी बोलीवर आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर गावोगाव जाऊन बोलींची ध्वनिमुद्रणं केली आहेत आणि ती इंटरनेटवर ऐकता येतात. आमच्या स्वयंपाकघरातली भाषा 'धड ना ही ना ती' नव्हती. तिची नोंद सरकारी ग्रंथात होती. आम्हालाच माहीत नव्हतं.

प्रबंधासाठी मी नानीला रेकॉर्ड केलं. प्रात नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, अॅमस्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी केलेलं, फुकट मिळतं. त्यात आवाज टाकला की त्याचं चित्र दिसतं. नानीचा 'चमचा' आणि नानीचा 'चहा' शेजारी शेजारी ठेवले. दोन वेगळे च, स्पष्ट. आपण लिहिताना दोन्हींना एकच अक्षर वापरतो, बोलताना कधीच गल्लत करत नाही. ब्रिटनमधल्या माझ्या मार्गदर्शक बाई ते चित्र बघून खूश झाल्या. नानीला मी म्हटलं, तुझ्या चमच्याला चांगले मार्क पडले. ती म्हणाली, चहात साखर किती घालू ते सांग.

जनगणनेच्या फॉर्ममध्ये मातृभाषेचा रकाना असतो. त्यासाठी व्याख्या आहे: लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती. धर्माचा त्यात संबंध नाही, शाळेच्या माध्यमाचाही नाही. ज्याची आई उर्दूत बोलली त्याने बेलाशक उर्दू सांगावं. पण आई 'मना-तुना' बोलली आणि आपण समाज काय म्हणेल म्हणून दुसरं सांगतो, किंवा समोरचा गणक नाव बघूनच स्वतः उर्दू भरून टाकतो, तेव्हा ती आई कागदावरून जाते. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, हे तुम्हाला इथे वेगळं सांगायला नको. पण त्याच्या आधीपासून ते मराठीत कथा आणि कादंबरी लिहीत होते, आणि मराठी ही आपली भाषा आहे हे त्यांना कुणाला सिद्ध करून दाखवावं लागलं नाही. ते नुसतं लिहीत होते.

माझ्या स्वतःच्या घरात काय झालं तेही सांगते, नाहीतर खोटं होईल. माझी मुलगी मस्कतमध्ये वाढली. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत हिंदी. मी रात्री बोलींवर निबंध लिहायची आणि सकाळी तिला इंग्रजीत उठवायची. एकदा नानीचा फोन आला आणि ती मला म्हणाली, "व्हॉट इज शी सेइंग?" मी प्रबंधाच्या मधल्या प्रकरणात होते. त्या रात्री एक अक्षर लिहिलं नाही.

आता तिसरा प्रश्न, जो मी विचारला नाही. हा कागद उद्या कुणाच्या टेबलावर ठेवायचा आहे?

पदवी मिळाली. ब्रिटनमध्ये आणि वकिलातीत साक्षांकन करून घेतलं, त्याचे पैसे वेगळे. संस्थेच्या ऑफिसात दिली. माणूस चांगला होता, अभिनंदन केलं, मग विचारलं, नियमित की दूरशिक्षण? मी सांगितलं. तो म्हणाला, फाइलला लावून ठेवू. पगाराची श्रेणी तीच राहिली. त्याच वर्षी एका महिन्याचं प्रमाणपत्र घेतलेला चोवीस वर्षांचा इंग्रज मुलगा माझ्याहून जास्त पगारावर लागला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ सालच्या पुस्तकात 'मूळ भाषकच उत्तम शिक्षक' या समजुतीला भ्रम म्हटलंय. मी त्यावर छान निबंध लिहिला होता, मार्कही पडले होते. पगारपत्रकाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

२०२० मध्ये परत आलो. इथे एका कॉलेजात मुलाखत झाली, चांगली झाली. मग विचारलं, समकक्षता प्रमाणपत्र? परदेशी पदवीला समकक्षता देण्याचं काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे होतं, आणि दूरशिक्षणाने घेतलेल्या परदेशी पदवीला ते समकक्षता देत नव्हते. हे पहिला हप्ता भरण्याआधी एका फोनवर कळलं असतं. मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. २०२५ साली यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी नवे नियम काढलेत. ते स्वतः वाचा, एजंटकडून ऐकू नका.

भारतातल्या दूरशिक्षणाचं चित्र वेगळं आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. पण 'मान्यताप्राप्त' हा शब्द धरून चालू नका. तो अभ्यासक्रम, त्या वर्षी, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते बघा. विद्यापीठ यादीत असतं आणि नेमका तुमचा अभ्यासक्रम नसतो, असंही होतं. दूरशिक्षणाने पीएच.डी. देतो असं कुणी म्हणालं तर चहा घ्या आणि उठा. आणि आखातात शिकवायला जायचं असेल तर तिकडच्या भावी मालकाला ईमेलवर आधी विचारा, दूरशिक्षण चालतं का. उत्तर लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी चालत नाही. शिवाय तिकडे आता स्थानिकांना नोकऱ्या द्यायचं धोरण आहे, ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. बारा वर्षांची माझी ती नोकरी आज तिथे तशी असेलच असं मी सांगणार नाही.

ज्यांना खरंच भाषाविज्ञान करायचंय आणि घरून सोडतात, त्यांनी नियमितच करावं. पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठाचा कालिन्याला विभाग आहे. पेणहून कालिना रोज जाऊन येऊन जमेल असं मी म्हणणार नाही, पण हॉस्टेल असतं. नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. नोकरी सोडता येत नाही, लहान मूल आहे, अशांसाठी दूरशिक्षण. त्यातही सुरुवात फुकट करा. स्वयम आणि एनपीटेलवर भाषाविज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. दोन महिने ते ऐका. आवडलं नाही तर लहान गाडीएवढे पैसे वाचले.

मुलींना एक वेगळं सांगते. 'दूरशिक्षण कर ना, घरी बसून' हे वाक्य आपल्या घरांत फार गोड आवाजात म्हटलं जातं. मी तिकडे परिस्थितीने घरी बसून केलं. तुम्हाला इकडे कुणी ठरवून बसवत असेल तर तो फरक ओळखा, आणि बस सुटायच्या आत बोला. वडखळवरून सगळीकडे बस जाते.

त्या मेसेजवाल्या मुलीने मला नंतर दुसरा प्रश्न विचारला होता. "मग परत केली असती?" हैदराबादचं केलं असतं. चार ईद गेल्या असत्या, पण कागद इथे चालला असता. विषय हाच घेतला असता. आज मी नाक्यामागे दोन खोल्यांत इंग्रजीचे वर्ग घेते. उर्दू शाळेतली मुलं येतात, आगरी मुलं येतात, आणि कंपनीच्या गेटवर मुलाखतीला जाणारी मोठी मुलंही. पहिल्या दिवशी सगळ्यांना कागदाची पट्टी देते. 'मना' म्हटलं म्हणून माझ्या वर्गात कुणी हसत नाही. एकदा एक जण हसला होता, त्याला मी 'चमचा' आणि 'चहा' म्हणायला लावलं, आणि विचारलं, दोन्ही च एकच आहेत का? तो अजून विचार करतोय.

नानी दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं आहे. माझी मुलगी ते कधी कधी लावते, आणि मध्येच थांबवून मला अर्थ विचारते.

मागच्या टेबलावर काही पुस्तकं ठेवली आहेत. ना. गो. कालेलकरांचं 'भाषा: इतिहास आणि भूगोल' आहे, मराठीत, इंग्रजी येत नसलं तरी वाचता येईल. इंग्रजीतली तीन-चार आहेत. वाचायला न्या, पण वहीत नाव आणि फोन नंबर लिहा. कालेलकरांची एकच प्रत आहे, आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्या खोडू नका.